सीसाउंडमध्ये घुमटाचा डावा हात

घुमट म्हणजे गोव्याचं मातीच्या भांड्याचं चर्मवाद्य. त्याचा एक ठोका रेकॉर्ड करून सॅम्पलरवर (रेकॉर्ड केलेला आवाज वेगवेगळ्या पट्ट्यांत वाजवणाऱ्या यंत्रावर) चढवला की पहिला मिनिटभर बरं वाटतं. मग चार पट्ट्या वरची की दाबावी, तर घुमट जाऊन त्याच्या जागी खेळण्यातलं डबडं वाजायला लागतं. सॅम्पलर सगळंच एकदम वर नेतो: हवेचा घुमार, कातड्याचा आवाज आणि बोटांचा फटकासुद्धा. खऱ्या घुमटात तसं होत नाही. उजवा हात मोठ्या तोंडावरच्या कातड्यावर पडतो आणि त्याच वेळी डावा हात मागचं लहान तोंड झाकतो किंवा उघडतो. कातडं होतं तिथेच राहतं, वरखाली होतो तो आतल्या हवेचा सूर. घुमटआरतीतला जो ‘बोलका’ आवाज म्हणतात, तो बहुतेक या डाव्या हाताचा आहे.

म्हणून हे काम सॅम्पलपेक्षा मजकुरातून आवाज घडवणाऱ्या सॉफ्टवेअरला जास्त मानवतं. कुठला भाग हलणार आणि कुठला नाही, हे तिथे एकेका ओळीत ठरवता येतं. इथे सीसाउंड घेतलं आहे. सुपरकोलायडर, चक किंवा सोनिक पायमध्येही हे जमेल. पण सीसाउंडमध्ये वाद्य आणि वाजवण्याची वही वेगळी असते, आणि ठेका लिहिणाऱ्याला ती मांडणी लगेच उमगते. मॅक्स मॅथ्यूज यांनी १९५७ मध्ये बेल लॅब्समध्ये संगणकाकडून सूर काढून घेतले, त्यांच्या ‘म्युझिक’ मालिकेचा हा वंशज. बॅरी व्हर्को यांनी एमआयटीत १९८०च्या दशकाच्या मध्यावर तो सी भाषेत लिहिला, म्हणून सीसाउंड. फुकट आहे, जुन्या लॅपटॉपवर चालतं आणि ब्राउझरमध्येही उघडतं. नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी सीसाउंड-क्यूटी घ्यावं: एका खिडकीत मजकूर, खाली संदेश, वर ‘रन’चं बटण.

लिपीचा प्रश्न आधीच मिटवून टाकू. या लेखात आज्ञांची नावं देवनागरीत आहेत. फाइलमध्ये ती रोमीत आणि लहान अक्षरांत टाइप करायची. आकडेही इंग्रजीच हवेत. मराठी की-बोर्ड चालू राहिला आणि देवनागरी एक पडला, तर सीसाउंडला तो आकडा वाटतच नाही आणि व्याकरणाची चूक म्हणून फाइल नाकारली जाते. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या कोडमधली वळलेली अवतरणचिन्हंही अशीच नडतात, ती पुसून सरळ चिन्हं टाकावीत. अर्धविरामानंतरची टीप मात्र मराठीत खुशाल लिहा, सीसाउंड ती वाचतच नाही.

आता भांडं. घुमटाच्या आतली हवा मागच्या तोंडाशी आतबाहेर होत असते आणि एका ठरावीक वारंवारतेला घुमते. हेल्महोल्ट्झचं सूत्र इथे कामाला येतं: तोंडाचं क्षेत्रफळ भागिले (आतलं आकारमान गुणिले गळ्याची परिणामी लांबी), त्याचं वर्गमूळ, आणि त्याला ध्वनीचा वेग भागिले दोन पाय यानं गुणायचं. समजा पोट ८ लिटरचं आहे, मागच्या तोंडाचा व्यास ७ सेंटिमीटर आणि गळ्याची परिणामी लांबी ८ सेंटिमीटर. आपल्याकडच्या ३० अंश हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला ३४९ मीटर. उत्तर येतं साधारण १३६ हर्ट्झ. परिणामी लांबी म्हणजे नुसता मातीचा गळा नव्हे. तोंडाच्या दोन्ही बाजूंची थोडी हवाही त्याच्याबरोबर हलते, ती धरली की ३ सेंटिमीटरचा गळा सहज ८ सेंटिमीटरचा होतो. हे विसरलं की आकडा फार वर जातो.

हाताने निम्मं तोंड झाकलं की क्षेत्रफळ निम्मं आणि वारंवारता दोनाच्या वर्गमुळाने कमी, म्हणजे ९६. पाव तोंड उघडं ठेवलं तर ६८. पूर्ण बंद केलं तर हा सूर जवळजवळ जातो आणि कातड्याचा कोरडा आवाज उरतो. सूत्रात भांडं टणक धरलं आहे. प्रत्यक्षात एका बाजूला कातडं आहे आणि तेही हलतं, त्यामुळे मोजलेला सूर थोडा इकडेतिकडे पडणारच. कुंभाराकडचं कातडं न चढवलेलं भांडं हाती लागलं तर उकडे तांदूळ लिटरच्या मापाने ओतून आकारमान काढावं. तयार घुमटात पाणी ओतायच्या फंदात पडू नका.

खात्री करायची तर रेकॉर्डिंग करा. फोन हातभर अंतरावर, आवाज आपोआप कमीजास्त करणारं आणि गोंगाट काढणारं सेटिंग बंद, फाइल वेव्ह स्वरूपात. ऑडॅसिटीत एकच ठोका निवडून ‘प्लॉट स्पेक्ट्रम’ उघडा आणि आकार ८१९२ ठेवा. ४४१००च्या रेकॉर्डिंगला त्यात एक घर (आलेखातली वारंवारतेची एक पायरी) सुमारे ५.४ हर्ट्झचं पडतं, तेवढं पुरतं. ५१२ ठेवलंत तर घर ८६ हर्ट्झचं होतं आणि ९६ व १३६ यांतला फरकच दिसत नाही. तोंड पूर्ण उघडं, निम्मं झाकलेलं आणि बंद, असे तीन ठोके वेगवेगळे पाहा. जे शिखर तिन्हींत जागचं हलत नाही ते कातड्याचं, जे सरकतं ते हवेचं.

कातड्याची गोष्ट वेगळी. गोल ताणलेल्या पडद्याचे वरचे सूर सरळ दुप्पट-तिप्पट नसतात. ते १, १.५९, २.१४, २.३०, २.६५ अशा प्रमाणात येतात. तबल्यावर शाई आहे, त्यामुळे तिथे हे सूर जवळजवळ पूर्णांकात बसतात, सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्ये यावर लिहिलं होतं. घुमटाला शाई नाही. तेव्हा तबल्याचं तयार कोड घेऊन त्याचा खर्ज वाढवला तर घुमट मिळत नाही, खालच्या पट्टीतला डग्गा मिळतो. कातड्याचा मूळ सूर २१० हर्ट्झ धरला तर पाच आकडे होतात: २१०, ३३५, ४४९, ४८२, ५५७.

पूर्वी घोरपडीचं कातडं असे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली घोरपड संरक्षित आहे, आता बकऱ्याचं कातडं चढवतात. ते चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) पावसाळी हवेत सैल पडतं, म्हणून वादक ते शेकून घेतात. कोडमध्ये ही दमट हवा हवी असेल तर पाचही आकडे ०.९३ने गुणा आणि हवेच्या सुराला हात लावू नका. सॅम्पलर हे करूच शकत नाही.

फाइलच्या डोक्यावर चार ओळी. एस-आर (सेकंदाला आवाजाचे किती आकडे, म्हणजे सॅम्पल) ४८०००. के-एस-एम-पी-एस १६. एन-सी-एच-एन-एल-एस (किती चॅनेल) २. झिरो-डीबी-एफ-एस १. यांतली शेवटची ओळ राहिली तर सीसाउंड कमाल पातळी ३२७६८ धरतं, आणि तुमचा ०.५ पातळीचा घुमट कुणालाच ऐकू येत नाही. उलटही होतं. जुन्या पुस्तकातलं १०००० पातळीचं वाद्य या ओळीखाली चिकटवलं तर कानठळ्या बसतात. हेडफोन लावून असली चाचणी करूच नये, आधी लॅपटॉपचा स्पीकर आणि आवाज कमी.

के-एस-एम-पी-एस म्हणजे नियंत्रणाचे आकडे किती सॅम्पलांनी एकदा बदलायचे. ६४ ठेवलं तर ४८०००ला ते १.३३ मिलिसेकंद. ठोक्याची चढण ३ मिलिसेकंदांची असली की तिला जेमतेम दोन पायऱ्या मिळतात आणि घुमटाआधी ‘टक्’ ऐकू येतं. १६ ठेवलं की ०.३३ मिलिसेकंद. त्याहून चांगला उपाय म्हणजे पातळीची वक्ररेषा ऑडिओच्या वेगाने काढणं. सीसाउंडमध्ये हे चलाच्या नावाच्या पहिल्या अक्षरावरून ठरतं: ‘आय’ने सुरू होणारं चल ठोक्याच्या सुरुवातीला एकदाच मोजलं जातं, ‘के’चं नियंत्रणाच्या वेगाने, ‘ए’चं दर सॅम्पलला. वारंवारता ‘आय’ चलात टाकली तर डावा हात जागच्या जागी थिजतो. कोड बिनतक्रार चालतं, नुसती मींड गायब होते, आणि चूक शोधायला संदेशांची खिडकी काहीही मदत करत नाही.

आता वाद्य, क्रमांक २. यात तीन थर.

पहिला थर हवेचा. पोसिल हा साधा साइन आंदोलक. त्याची वारंवारता एक्स्पसेगने (घातांकी रेषा काढणाऱ्या आज्ञेने) काढायची: पी-५ पासून ०.१२ सेकंदात पी-६ पर्यंत, पुढे पी-६ वर सपाट. पी-५ आणि पी-६ म्हणजे वहीच्या ओळीतले पाचवा आणि सहावा आकडा. पातळी ३ मिलिसेकंदांत ०.००१ पासून १ वर, मग ०.४५ सेकंदात परत ०.००१. सरळ रेषेच्या लिनसेगने मींड काढली तरी चालते, पण कान सुरांचं गुणोत्तर ऐकतो, त्यामुळे एक्स्पसेगची चढण हाताची वाटते. एक्स्पसेगमध्ये कुठेही शून्य लिहायचं नाही, घातांकी रेषा शून्याला पोचत नाही. शून्य दिलं की प्रारंभाची चूक येते आणि तो ठोका वगळला जातो. बाकीचा ठेका वाजत राहतो, म्हणून लक्षात यायला वेळ लागतो. आणखी एक, प्रत्येक रेषेला शेवटी एक सपाट तुकडा जोडून ठेवा. नाहीतर शेवटचा तुकडा त्याच दिशेने पुढे चालू राहू शकतो.

दुसरा थर कातड्याचा. रँडचा गोंगाट ४ मिलिसेकंद, तो बटरएलपीने १८०० हर्ट्झवर गाळून पाच समांतर मोड गाळण्यांत (प्रत्येक गाळणं एकाच सुराला घुमतं) सोडायचा, वरच्या पाच वारंवारता देऊन. मोडला आणखी एक आकडा लागतो, क्यू. घुमार किती टिकणार हे तो ठरवतो: पातळी ६० डेसिबल उतरायला लागणारा वेळ म्हणजे साधारण २.२ गुणिले क्यू भागिले वारंवारता. २१०ला क्यू २५ दिला तर ०.२६ सेकंद, ५५७ला ४० दिला तर ०.१६ सेकंद. क्यू शंभरावर नेलात की माती जाऊन घंटा वाजते. हा हात आखडता ठेवणं हेच या थरातलं मुख्य कौशल्य. मोडमधून बाहेर पडणारी पातळी वारंवारता आणि क्यूबरोबर बदलते, तेव्हा पाचांची बेरीज आधी ०.०१ने गुणून ऐका आणि मग हळूहळू चढवा. वारंवारता एस-आर भागिले पायच्या वर गेली की हे गाळणं बिथरतं, पण ४८०००ला ती मर्यादा १५०००च्या पुढे आहे, घुमटाला तिची भीती नाही.

हात कुठे पडला, हेही इथेच ठरतं. नेमका मध्यावर ठोका दिला तर १ आणि २.३० हे दोनच सूर चेतवले जातात, बाकीच्यांची मध्यावर हालचालच नसते. काठाकडे सरकावं तसे १.५९, २.१४ आणि २.६५ जागे होतात. म्हणून पी-७ मध्ये ० ते १ असा काठ-आकडा घ्या आणि त्याने या तीन मोडांची पातळी गुणा. एवढ्या एका गुणाकाराने यंत्राचा ठेका माणसाचा वाटायला लागतो, आणि बहुतेक तयार वाद्यांत नेमकं हेच नसतं.

तिसरा थर बोटांचा फटका: तोच गोंगाट, गाळण्याआधीचा, ०.०५ पातळीवर सरळ बाहेर.

आता वही, म्हणजे स्कोअर. पी-१ वाद्याचा क्रमांक, पी-२ सुरुवात, पी-३ लांबी, पी-४ जोर. आठ मात्रांच्या चाचणीच्या ठेक्याची सुरुवात अशी:

आय १ ० १ ०.८ १३६ १३६ ०.२
आय १ १.५ १ ०.४ ६८ ६८ ०.९
आय १ २ १ ०.६ ९६ १३६ ०.३
आय १ ३ १ ०.५ १३६ ९६ ०.५
आय १ ३.५ १ ०.३ ६८ ६८ १

मात्रा आपण एकापासून मोजतो, वही शून्यापासून. सम ०वर लिहायची. तिसऱ्या ओळीत तोंड उघडतं, चौथ्या ओळीत ते झाकलं जातं. ही दोन वळणं आणि मधले जवळजवळ बंद, ६८चे ठोके एवढ्यावर ठेका चालतो.

आरतीत लय शेवटाकडे चढते. त्यासाठी टीची ओळ: टी ० ९० ३२ ९० ६४ १४०. बत्तीस मात्रांपर्यंत ९०, तिथून चौसष्टपर्यंत चढत १४०. इथे एक खोच आहे. वहीतल्या लांब्याही मात्रांत असतात, त्यामुळे लय वाढली की पी-३ चे सेकंद कमी होतात. घुमार पी-३ वर अवलंबून ठेवला असेल तर द्रुत लयीत घुमट आखडून पत्र्याच्या डब्यासारखं होतं. भांड्याचा घुमार लयीवर ठरत नाही. तेव्हा वाद्य २च्या आतच पहिल्या ओळीत पी-३ बरोबर ०.६ लिहून टाका. सीसाउंड ते चालवून घेतं आणि तो आकडा सेकंदांतच राहतो.

वहीत वाद्य १ आहे आणि घुमट वाद्य २, कारण आरतीत एकटं घुमट क्वचितच असतं. वाद्य १ आवाज काढत नाही. ते शेड्यूलने वाद्य २ला चारदा बोलावतं, दर वेळी ० ते १५ मिलिसेकंदांचा उशीर रँडमने काढून आणि वारंवारता वरखाली ३ टक्क्यांपर्यंत हलवून. मात्र ही ३ टक्क्यांची हालचाल प्रत्येक ठोक्याला नव्याने काढू नका, चार घुमटांना चार गुणक एकदाच नेमून द्या. नाहीतर भांडी दर ठोक्याला आकार बदलतात. आकारमानात ६ टक्के फरक असला की सुरात ३ टक्के पडतो, हाताने घडवलेल्या दोन भांड्यांत एवढा सहज निघावा. १३६ आणि १४० एकत्र वाजले की सेकंदाला चार हेलकावे येतात, अर्ध्या सेकंदाच्या घुमारात त्यातले दोन ऐकू येतात. घोळक्याचा भरीव आवाज यातूनच येतो, रिव्हर्बमधून (खोलीच्या घुमाऱ्यातून) नाही. चार आवाजांची बेरीज कमाल पातळीच्या वर जाऊ नये म्हणून प्रत्येकाला ०.३ने गुणा. शेवटच्या संदेशात मर्यादेबाहेर गेलेल्या सॅम्पलांची संख्या येते, ती शून्य हवी. फाइलच्या वर सीड (रँडमची सुरुवात ठरवणारा आकडा) ० ठेवलं नाही तर रँडम दर वेळी तेच आकडे देतो. पसंतीस उतरलेला ठेका जसाच्या तसा परत हवा असेल तर मात्र सीडला एखादा ठरावीक आकडा द्या.

कांसाळ्याला, म्हणजे घुमटासोबतच्या धातूच्या झांजेला, वेगळा मार्ग. जॉन चाउनिंग यांनी १९७३ मध्ये मांडलेलं वारंवारता-अधिमिश्रण (एका सुराने दुसऱ्याची वारंवारता हलवणं), सीसाउंडमध्ये फॉसिली. वाहक २१००, प्रमाण १ ला १.४१४, निर्देशांक (ती किती हलवायची) ५ पासून ०.८ सेकंदात ०.१ पर्यंत. निर्देशांक ८ ठेवला तर वरचे सूर २८०००च्या पुढे जातात, आणि ४८०००च्या फाइलला २४०००च्या वर जागाच नसल्यामुळे ते उलटे फिरून खाली येतात. ऐकताना वाटतं कांसाळं फुटकं आहे. ५ वर ते वीस हजारांच्या आत राहतात. शामेळ (घुमटासोबत वाजणारं दुसरं चर्मवाद्य) हवं असेल तर वाद्य २ची प्रत काढा, हवेचा थर काढून टाका आणि कातड्याचे दोन संच घ्या. बाकी त्यात विशेष नाही.

रिव्हर्बला वाद्य ९९. सगळी वाद्यं आपला थोडा आवाज एका जागतिक चलात ओततात आणि ९९ तो रिव्हर्बएससीला देतं. फीडबॅक ०.६ म्हणजे घरातली खोली, ०.९ म्हणजे मोठा सभामंडप; माटोळीखालच्या (गणपतीवर टांगलेल्या फळापानांच्या चौकटीखालच्या) आरतीला ०.६च्या वर जायची गरज नाही, मंडपाच्या घुमाऱ्यात डाव्या हाताची वळणं बुडतात. क्रमांक मोठाच हवा, कारण दर फेरीत वाद्यं क्रमांकानेच चालतात आणि गोळा झालेला आवाज शेवटी उचलायचा असतो. उचलल्यावर ते चल क्लिअरने रिकामं करणं सक्तीचं आहे. ही एक ओळ राहिली तर आवाज साचत जातो आणि काही क्षणांत स्पीकरवर नुसता कर्कश भोंगा उरतो. वहीत ९९ची लांबीही शेवटच्या ठोक्याच्या पुढे पाचसहा मात्रा ठेवा, नाहीतर शेवटचा घुमार कापला जातो.

डावा हात खरोखर हाताने चालवायचा असेल तर मिडीचा नॉब किंवा पेडल घ्या. सीटीआरएल-७ला किमान ६८ आणि कमाल १३६ द्या, आणि त्याच्यापुढे पोर्टके ०.०२. नॉबला एकूण १२८ पायऱ्या, म्हणजे दर पायरीला अर्धा हर्ट्झ; पोर्टकेशिवाय त्या पायऱ्या खरखरीत ऐकू येतात. थेट वाजवताना बफर लहान लागतो: लहान बी (रोमी b) २५६, मोठा बी (रोमी B) १०२४, म्हणजे एकवीस मिलिसेकंदांच्या आसपास. तडतड ऐकू आली तर दोन्ही दुप्पट करा, आणि लॅपटॉप बॅटरीवर असेल तर आधी वीज-बचतीचा मोड बंद करा. पावसाळ्यात इन्व्हर्टरवर चालवताना स्पीकरमध्ये ५० हर्ट्झचा घूं येतो. तो कोडमध्ये शोधत बसू नका, चार्जर काढून पाहा.

पक्की फाइल काढताना ‘डॅक’ऐवजी (म्हणजे थेट स्पीकरऐवजी) वेव्ह फाइलचं नाव द्या आणि २४ बिट निवडा, तेव्हा बफरचा प्रश्न उरत नाही, चार मिनिटांचा ठेका त्याहून कमी वेळात तयार होतो. हा आवाज फोनच्या स्पीकरवर तपासू नये. ६८ आणि ९६ हर्ट्झ तिथे जवळजवळ पोचतच नाहीत, आणि बंद ठोके गायब झाले म्हणून लोक जोर वाढवत सुटतात. फोनवर पाठवायचंच असेल तर वेगळी प्रत करा आणि हवेच्या थरात दुप्पट वारंवारतेचा दुसरा पोसिल ०.२५ पातळीवर मिसळा. त्यालाही तीच पी-५ ते पी-६ची रेषा द्या, म्हणजे मींड १९२ ते २७२ अशी वरून ऐकू येते.